उत्पन्नाचा रकाना

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ताईने इस्त्रीची वायर भिंतीतून काढली, इस्त्री टाचेवर उभी केली आणि धाकटीचे कपडे खुर्चीच्या पाठीवर घातले. आधी कॉलर खाली वळवायची, मग बाह्या मागे घ्यायच्या, मग सगळ्यात वरचं एकच बटण लावायचं, हा क्रम कित्येक वर्षांत चुकला नव्हता. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात, इस्त्रीच्या खोलीत, ताईची चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. तरी घरची इस्त्री तिने दुसऱ्या कोणाच्या हाती लागू दिली नाही. "दिवसभर परक्यांच्या चादरी सरळ करायच्या आणि आपलं माणूस चुरगळलेलं बाहेर पाठवायचं, हे मला जमायचं नाही," असं ती म्हणे. धाकटी त्रेपन्न वर्षांची होती. तिला धाकटी म्हणणारं माणूस जगात आता एकच उरलं होतं. दोन खोल्या, एक खिडकी, तिच्यात पुदिन्याची कुंडी, आणि भिंतीवर बाबांचं घड्याळ, चार मिनिटं पुढे असलेलं. बाबा घड्याळजी होते आणि घरचं घड्याळ मुद्दाम पुढे ठेवत. ते गेल्यावर ते मागे घ्यायला कोणाचा हात धजला नाही. ताईने उभ्यानेच चहा घेतला, पावाचा कडक तुकडा त्यात बुडवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "एकसष्ट राहिले." निवृत्तीला उरलेले दिवस ती असे रोज सांगत असे. "एकसष्ट. मूळ संख्या." "म्हणजे काय गं?" धाकटीने नेहमीप्रमाणे विचारलं, उत्तर माहीत असूनही. "म्हणजे कोणाला वाटून देता येत नाही. सगळे एकटीने खायचे," ताई म्हणाली, पिशवी खांद्याला लावली आणि सहा पस्तीसला जिना उतरून गेली. तिच्या मागे खोलीत गरम सुताचा वास राहिला. एकसष्ट दिवसांनंतर हिच्या सकाळींचं काय होणार, हा प्रश्न त्या वासातच कुठेतरी होता. धाकटीने तो रोजच्यासारखा खिडकी उघडून घालवला.

धाकटी ज्या महाविद्यालयात काम करी तिथे तिला सगळे बाई म्हणत. फी-सवलत विभागाची तीन नंबरची खिडकी तिची. मागच्या वर्षापर्यंत या खिडकीची रांग जिन्याच्या पायथ्याशी संपत असे. यंदा सरकारचं नवं परिपत्रक निघालं, उत्पन्नाची मर्यादा जवळजवळ दुपटीने वाढली, अर्ध्या फीऐवजी पूर्ण फी माफ झाली, आणि रांग पाण्याच्या नळाला वळसा घालून सायकलींच्या शेडपर्यंत पोहोचली. रांगेतली माणसंही बदलली. पूर्वी ज्यांना 'तुमचं थोडक्यात हुकलं' असं सांगून परत पाठवावं लागे ती सगळी जणू एकमेकांना निरोप देऊन आली होती: तिकीट तपासणारे, शिवणकाम करणाऱ्या, रात्रपाळीचे पहारेकरी. परवा एक आई आणि तिचा मुलगा असे दोघे आले होते, दोघांच्या हातात एकेक अर्ज. कारण परिपत्रकाच्या नवव्या कलमात लिहिलं होतं की फी न भरल्यामुळे ज्यांचं शिक्षण मध्येच तुटलं त्यांनाही, वयाची अट न ठेवता, उरलेला अभ्यासक्रम पुरा करता येईल. जुन्या प्रवेशाची नोंद मात्र दाखवावी लागेल. शेवटची तारीख शुक्रवार. बाईंनी हे कलम तीन आठवड्यांत किती माणसांना समजावून सांगितलं याला गणती नव्हती. घरी त्या एक अक्षरही बोलल्या नव्हत्या.

त्यांची एक पद्धत होती. अर्ज घेतला की त्या बाकीचं सगळं तोंडाने विचारत, नाव, वर्ग, पत्ता. उत्पन्नाचा रकाना आला की कागद उलट्या दिशेने फिरवून समोरच्याकडे करत आणि त्या चौकोनावर नुसतं बोट ठेवत. माणूस मान खाली घालून आकडा लिही. मागच्याला काही ऐकू जात नसे. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी तो आकडा एकदाही मोठ्याने विचारला नव्हता. "बाई बोटाने बोलतात," असं विभागात थट्टेने म्हणत, आणि कोणी कारण विचारलंच तर बाई म्हणत, "घसा जपते."

त्या दिवशी बुधवार होता. गर्दी आवरेना म्हणून शेजारची चार नंबरची खिडकीही उघडली होती. तिथे नवी कारकून मुलगी बसली होती, जिला तिच्या बोलण्याच्या वेगामुळे सगळे एक्स्प्रेस म्हणत. मुलगी कामाला चोख होती, मनाने चांगली होती, फक्त तिचा आवाज खिडकीच्या बाहेर फार लांब जाई. साडेअकराच्या सुमाराला तिच्यासमोर सोफे भरणारा एक कारागीर उभा होता. अंगठ्याचं नख हातोडीने काळं पडलेलं, सदरा घडीचा. शेजारी मुलगी, बारावी संपवून आलेली. ज्यांना पगारपत्रक नसतं त्यांनी उत्पन्न स्वतःच लिहून द्यायचं, असा नियम होता. एक्स्प्रेसने विचारलं, "काका, वर्षाचं उत्पन्न किती?" कारागिराच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी त्याला थोड्या वेळापूर्वी नमस्कार केलेला होता, गिऱ्हाईक असावं. कारागिराने किंचित मागे पाहिलं. मग त्याची पाठ ताठ झाली आणि त्याने एक आकडा सांगितला. "अहो, हा मर्यादेच्या वर जातो," एक्स्प्रेस म्हणाली, "मग तुमचं नाही बसणार." मुलगी खालच्या फरशीकडे बघत होती. ती फक्त "बाबा—" म्हणाली आणि थांबली.

तो शब्द बाईंच्या हातातल्या शिक्क्यावर येऊन आदळला. शिक्का कागदावर तिरपा उमटला. त्या उठल्या, दार उघडून बाहेर गेल्या आणि कारागिराला म्हणाल्या, "तुमच्या अर्जावर एक सही राहिलीय. आत येऊन बसून करा, इथे टेकायला जागा नाही." सही राहिलेली नव्हती. आत कपाटाशेजारच्या बाकावर त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, अर्ज पुढे केला आणि पेनाऐवजी पेन्सिल दिली. "आधी पेन्सिलीने लिहा. खोडता येतं." त्याने पेन्सिल चौकोनावर टेकवली. "बाई, रांगेत उभं राहिलं की माणसाचा आकडा वाढतो," तो हळूच म्हणाला. "सीझनला मिळतं एवढं. खोटं नाही सांगितलं. पण सीझन काय बारा महिने असतो?" "बारा महिन्यांचं लिहा," बाई म्हणाल्या. त्याने लिहिलं. मुलगी दाराशी उभी राहून हे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे उजाडलं त्याच्याकडे बाईंना फार वेळ बघवलं नाही. पाच मिनिटांचं काम. एक बाक, एक पेन्सिल, एक दार. एवढ्याने झालं असतं.

बेचाळीस वर्षांपूर्वी धाकटी अकरा वर्षांची होती आणि ताई अठरा-एकोणीसची. गणित घेऊन ताईची दोन वर्षं झाली होती. शेवटचं एक उरलं होतं. बाबांची नजर त्या वर्षी कमी झाली. बारीक काम हातचं गेलं, आणि फीची सोय होईना. नेमकी त्याच वर्षी पहिल्यांदा सरकारी सवलत निघाली. अर्ज ताईने घरी, जेवणाच्या पाटावर, वळणदार अक्षरात भरला होता; उत्पन्नाच्या रकान्यात आईला विचारून खरा आकडा लिहिला होता, आणि तो आकडा धाकटीलाही पाठ होता, कारण त्या घरात तो रोज संध्याकाळी वेगवेगळ्या प्रकारे भागला जात असे. सहीसाठी पालकाने स्वतः यायचं होतं. बाबा धाकटीला बरोबर घेऊन आले, याच इमारतीत, याच खिडकीशी. ऊन होतं. रांगेत त्यांच्या मागे वह्या-पुस्तकांच्या दुकानाचे मालक उभे होते, ज्यांचं भिंतीवरचं घड्याळ बाबा दरसाल उघडत. "काय घड्याळजी, तुम्ही इकडे?" ते म्हणाले होते. बाबांनी हसून कचेरीच्या घड्याळाकडे बोट केलं होतं, "पाच मिनिटं मागे चाललंय बघा," जसं काही ते घड्याळच बघायला आले होते. मग खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचत मोठ्याने विचारलं, "वर्षाचं उत्पन्न एवढंच?" बाबा म्हणाले, "नाही नाही. ते पोरीने चुकीचं लिहिलंय." त्यांनी पेन मागून घेतलं. धाकटीने त्यांची बाही ओढली. बाबांनी तिच्याकडे न बघता तिची बोटं एकेक करून सोडवली, स्क्रू काढावेत तशी, हलक्या हाताने, आणि नवा आकडा लिहिला. परतताना ते एवढंच बोलले, "किती ऊन आहे." घरी काही सांगू नको, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर तिला कदाचित सांगता आलं असतं. पंधरा दिवसांनी यादी लागली, तिच्यात ताईचं नाव नव्हतं, आणि बाबा म्हणाले, "आपल्यापेक्षा हुशार मुलं पुष्कळ असतात." ताईने मान हलवली. महिन्याभराने ती धुलाईखान्यात लागली. तिच्या पगारावर धाकटी शिकली, आणि शिकून याच खिडकीच्या आतल्या बाजूला येऊन बसली. बेचाळीस वर्षं ताई स्वतःला कमी हुशार समजत आली आणि धाकटी तिच्यासमोर बसून, तिने इस्त्री केलेले कपडे घालून, जेवत आली.

जेवणाच्या सुट्टीत बाई डबा न उघडता तळमजल्यावरच्या जुन्या दप्तराच्या खोलीत गेल्या. आजवर इतरांच्या नोंदी शोधायला त्या शेकडो वेळा इथे आल्या होत्या. त्या एका सालच्या गठ्ठ्याला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता, वळसा घालून जात, एखाद्या घरासमोरून जाताना आपण पलीकडच्या बाजूने जावं तशा. गठ्ठ्याची नाडी सुटताना तुटली. कागद पिवळा पडला होता, शाई जांभळट झाली होती, पण ताईचं अक्षर तसंच होतं, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर सरळ रेघ. त्या आकड्यावर बाबांची आडवी रेघ, पट्टीने मारल्यासारखी. वर नवा आकडा. बाजूला छोटी सही. किती नीट खोडलंय, हा पहिला विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग त्यांनी कागद उलटला. मागे पेन्सिलीने, त्या काळच्या बाईंच्या अक्षरात, दोन ओळी होत्या. 'विद्यार्थिनी स्वतः भेटून गेली. उत्पन्न दुरुस्तीसाठी वडिलांना घेऊन येते म्हणाली.' खाली तारीख. बाबा आणि ती आले होते त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

बाई खालच्या स्टुलावर बसल्या. खोलीत धूळ होती, एक दिवा होता, वर कुठेतरी एक्स्प्रेसचा आवाज चालला होता. ताईला माहीत होतं. यादी लागायच्या आधी, दोन आठवडे आधी, माहीत होतं. आणि 'आपल्यापेक्षा हुशार मुलं पुष्कळ असतात' हे ऐकताना तिने मान हलवली होती. इतकी वर्षं आपण तिच्यापासून जे झाकून ठेवलं म्हणून रोज थोडं थोडं झिजत आलो, ते तिच्याकडे दुसऱ्याच दिवसापासून होतं. त्यांना आधी हलकं वाटलं, मग राग आला, मग दोन्ही गेलं आणि एक विचित्र लाज उरली: आपण अठ्ठावीस वर्षं अनोळखी लोकांचा आकडा बोटाखाली झाकला आणि घरातल्या एका माणसाशी एक वाक्य बोलायला धजलो नाही. नवव्या कलमाबद्दल त्या घरी गप्प का राहिल्या, तेही आता स्पष्ट दिसलं. नोंद काढायची म्हणजे हा कागद काढायचा, आणि हा कागद काढायचा म्हणजे बाबांना पुन्हा रांगेत उभं करायचं. त्यांनी कागदाची रीतसर नक्कल काढली, वहीत सही केली आणि एक कोरा अर्ज पिशवीत घातला.

संध्याकाळी ताई आली तेव्हा धाकटी दिवा लावून बसली होती. तिने दोन्ही कागद टेबलावर ठेवले, शेजारी शेजारी, आणि काय बोलायचं ते ठरवलेलं सगळं विसरली. ताईने चष्मा लावला. कागद वाचायला तिला फार वेळ लागला नाही. उलटून मागची पेन्सिलही वाचली. "बाईंनी लिहून ठेवलं होतं होय," ती म्हणाली. "चांगल्या होत्या गं त्या. दुसऱ्या दिवशी अर्जाचं विचारायला गेले तर खोडलेला आकडा त्यांनीच दाखवला, चहा पाजला." "तू मला कधी बोलली नाहीस," धाकटी म्हणाली. "तूही नाही." "मी अकरा वर्षांची होते." "म्हणूनच. महिनाभर तू माझ्याकडे बघत नव्हतीस. माझ्या पुस्तकांना कव्हरं घालून ठेवायचीस न सांगता. तेव्हाच कळलं मला, हिने बघितलंय सगळं." ताईने खुर्ची ओढली. "मी त्यांना आणायलाच घरी आले होते. जिना चढताना वाक्यसुद्धा तयार केलं होतं. वर आले तर बाबा डोळ्याला भिंग लावून बसलेले, आणि समोर घड्याळ नव्हतंच. नुसतंच भिंग. दिसत नव्हतं त्यांना काही, पण आईला वाटावं काम चाललंय म्हणून. मग म्हटलं, या माणसाला परत नेऊन सगळ्यांदेखत खोडायला लावायचं? नाही झालं माझ्याने." "राग नाही आला?" "न यायला काय झालं? सहा महिने त्यांच्या चहात साखर कमी घालत होते. एकदाही बोलले नाहीत. समजलं असणार." ती थोडी हसली, मग हसू तसंच ठेवून म्हणाली, "राग होताच गं. चादरींच्या घड्या घालताना पुष्कळ वर्षं होता. मग हात चालत राहिला आणि तो कधी गेला कळलं नाही. तू विषय काढला नाहीस, मला वाटलं, हिला नको असेल." खाली रस्त्यावर कोणीतरी फाटक लावलं. धाकटीने तिला जे येत होतं तेच केलं: कोरा अर्ज फिरवून ताईच्या बाजूला केला आणि त्यावर बोट ठेवलं.

ताईने तो सबंध वाचला, नववं कलम दोनदा. "साठीची बाई वर्गात बसवणार तुम्ही? पोरं हसतील." "हसू देत. गणिताच्या वर्गात हसायला काहीतरी हवंच." "माझं सगळं विसरून गेलंय." "एकसष्टला भाग जात नाही, ते आठवतं ना?" ताईने हाताच्या तळव्याने टेबलावरचा कागद सरळ केला, मधून कडेकडे, एकदा, पुन्हा एकदा, कागदाला एकही सुरकुती नसताना. मग पेन मागितलं. 'शिक्षण खंडित होण्याचे कारण' या ओळीशी ती थांबली. "इथे काय?" "खरं ते लिही," धाकटी म्हणाली, "नक्कल जोडू खाली, बाबांनी खोडल्याची—" "बाबांना कशाला त्या ओळीत कोंबतेस? मावायचे नाहीत ते." आणि तिने वळणदार अक्षरात, डोक्यावर सरळ रेघ देत लिहिलं: फी भरता आली नाही. "हेही खरंच आहे," ती म्हणाली. उत्पन्नाचा रकाना तिने कोरा ठेवला. "तो तिथेच भरीन."

शुक्रवारी सकाळी ताईने दोघींच्या कपड्यांना इस्त्री केली. "एकोणसाठ," चहा पिताना ती म्हणाली, "हीसुद्धा मूळ आहे. जोडीची आहे एकसष्टची." पाळी अर्ध्यावर सोडून ती दुपारी यायची होती. बाईंना नियम ठाऊक होता: नातेवाइकाचा अर्ज आपण हाताळायचा नाही, तो चार नंबरच्या खिडकीला जाईल. त्या जागेवरून उठणार नाहीत, मान वर करणार नाहीत, पलीकडून एक्स्प्रेसचा आवाज ऐकतील, असं त्यांनी सकाळपर्यंत ठरवून ठेवलं होतं. दीड वाजता खिडकीच्या गजांतून त्यांना ताई दिसली, नळाच्या वळणाशी, पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरून उभी. रांगेत इतकी माणसं असताना ती एकटीच दिसत होती. बाईंनी शिक्का डबीत ठेवला. अर्ध्या दिवसाच्या रजेची चिठ्ठी लिहिली आणि हेडक्लार्कच्या टेबलावर नेऊन ठेवली. "बाई, आज शेवटची तारीख, मरणाची गर्दी आहे, कुठे निघालात?" एक्स्प्रेस एका दमात म्हणाली. "रांगेत." "कसल्या रांगेत?" "तुझ्याच," बाई म्हणाल्या, आणि कर्मचाऱ्यांच्या दाराने बाहेर पडून, इमारतीला वळसा घालून, नळापाशी येऊन ताईच्या शेजारी उभ्या राहिल्या. "तुला काम नाही का?" ताईने विचारलं. "आहे. तेच करतेय."

रांग हळूहळू सरकली. बाहेरून खिडकी पुष्कळ उंच वाटत होती, हे त्या विसरून गेल्या होत्या. पुढे कोणी तरुण जोडपं, मागे डब्यांची पिशवी घेतलेला एक माणूस. जिन्याच्या वरच्या भिंतीवर कचेरीचं घड्याळ अजून होतं. बाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ बरोबर चाललं होतं, कोणीतरी मध्यंतरी दुरुस्त केलं असणार. खिडकीशी पोहोचल्यावर एक्स्प्रेसने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. नाव, पत्ता, जुना वर्ग हे तिने विचारलं, नेहमीपेक्षा सावकाश. मग तिने अर्ज फिरवून ताईकडे केला आणि उत्पन्नाच्या चौकोनावर बोट ठेवलं. बुधवारपासून ती तसं करू लागली होती. बाईंच्या ते लक्षात आलं नव्हतं. ताई त्या बोटाकडे बघून हसली. "ही तुमच्याकडची रीत आहे वाटतं," ती म्हणाली. तिने पेन उचललं, लिहिता लिहिता आकडा सांगितला, भाजीवालीला पिशवीत काय काय टाक म्हणून सांगावं तसा, साध्या आवाजात, मागच्याला सहज ऐकू जाईल इतका. कोणी वळून पाहिलं नाही. मागच्या माणसाने डब्यांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि विचारलं, "तुमचं झालं की पेन द्याल का जरा?"

शिक्का उमटला, सरळ. धाकटीला तेव्हा कळलं की आपण मघापासून ताईची बाही मुठीत धरून उभ्या आहोत.

"सोड गं, इस्त्री मोडतेय," ताई म्हणाली, पण हात काढून घेतला नाही.